आधी प्रतिकारशक्ती, मग जंतू: मायक्रोच्या रिव्हिजनची एक पद्धत

सेकंड एमबीबीएसच्या सुरुवातीला इम्युनॉलॉजी, म्हणजे प्रतिकारशक्तीचा अभ्यास, शिकवून होते, टर्मिनल परीक्षा होते, आणि मग ते प्रकरण बहुतेकांच्या वहीत मिटून पडते. पुढचे महिने बॅक्टेरिया, व्हायरस, परजीवी आणि बुरशी यांच्या याद्यांमध्ये जातात. परीक्षा महिन्यावर आली की एकीकडे सायटोकाइन (पेशींचे निरोप नेणारी प्रथिने) आणि कॉम्प्लिमेंट (जंतूंना मारणाऱ्या रक्तातल्या प्रथिनांची साखळी), दुसरीकडे शे-दीडशे जंतू, अशी दोन वेगळी ओझी अंगावर येतात. सकाळी वाचलेले तिसऱ्या दिवशी आठवत नाही म्हणून तेच पान पुन्हा वाचले जाते, त्याच ओळीवर पुन्हा हायलायटर फिरतो.

मी मायक्रोबायोलॉजी, म्हणजे सूक्ष्मजंतूंचे शास्त्र, शिकवते, आणि हे दोन विषय वेगळे वाचू नका असे मला अगदी कळकळीने सांगावेसे वाटते. कोणता जंतू कोणत्या रुग्णाला गाठतो, तापाच्या कोणत्या दिवशी कोणती चाचणी पॉझिटिव्ह येते, गोवराची लस नऊ महिन्यांनीच का देतात, कुत्रा चावल्यावर लशीबरोबर सीरम का लागते, या सगळ्याचे कारण इम्युनॉलॉजीत आहे. कारण कळले की पाठांतर निम्म्यावर येते. खालची पद्धत त्याच क्रमाने मांडली आहे. सेकंड एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांसाठी ती आहेच, पण नीट-पीजी, आयएनआय-सीईटी या पदव्युत्तर प्रवेश परीक्षा किंवा परदेशातून शिकून एफएमजीई ही परवाना परीक्षा देणाऱ्यांनाही ती तशीच वापरता येईल.

परीक्षा काय विचारते ते आधी बघा

२०१९ पासून लागू झालेल्या सीबीएमई (क्षमताधारित वैद्यकीय शिक्षण) अभ्यासक्रमात मायक्रोबायोलॉजीचे आठ विभाग आहेत: सामान्य मायक्रोबायोलॉजी व प्रतिकारशक्ती, रक्ताभिसरण व रक्त, पचनसंस्था व यकृत, हाडे-त्वचा-मऊ ऊती, मज्जासंस्था, श्वसनसंस्था, मूत्र-जननमार्ग व लैंगिक संसर्ग, आणि प्राणिजन्य व इतर आजार. म्हणजे अभ्यासक्रम अवयवाने चालतो. आपल्या जुन्या नोट्स मात्र बऱ्याचदा जंतूच्या नावाने चालतात. रिव्हिजनचे पहिले काम म्हणून वहीची मांडणी बदला. मेनिन्जायटिसच्या (मेंदूच्या आवरणाचा दाह) पानावर मेनिन्गोकॉकस, न्यूमोकॉकस, क्षयरोग, क्रिप्टोकॉकस आणि एन्टेरोव्हायरस एकत्र आले पाहिजेत, कारण लंबर पंक्चरच्या (पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्याच्या) रिपोर्टवरून त्यांच्यातला फरक तुम्हालाच सांगायचा असतो.

दीर्घोत्तरी प्रश्न आता साधारण असा येतो: 'कोकणातला ३५ वर्षांचा शेतकरी, ऑगस्ट महिना, भाताच्या खाचरात काम, सहा दिवस ताप, पोटऱ्या प्रचंड दुखतात, डोळे लाल, कालपासून कावीळ आणि लघवी कमी.' मग निदान, रोगनिर्मिती, प्रयोगशाळेतील तपासण्या, प्रतिबंध. लेप्टोस्पायराची पानभर माहिती पाठ असून हा रुग्ण ओळखता आला नाही, तर ती माहिती कागदावर उतरतच नाही.

प्रवेश आणि परवाना परीक्षांचे गणित वेगळे आहे. नीट-पीजीमध्ये २०० प्रश्न, बरोबर उत्तराला ४ गुण आणि चुकीला १ वजा. आयएनआय-सीईटीमध्येही २०० प्रश्न, चुकीला एकतृतीयांश गुण वजा. एफएमजीईमध्ये ३०० प्रश्न, निगेटिव्ह मार्किंग नाही आणि उत्तीर्ण व्हायला १५० गुण लागतात. एफएमजीई देणाऱ्याने एकही प्रश्न रिकामा सोडू नये. बाकी दोन्हींत चारपैकी दोन पर्याय खात्रीने बाद करता येत असतील तर उत्तर देणे फायद्याचे ठरते. आणि पर्याय बाद करण्याची ताकद सर्वांत जास्त येते ती इम्युनॉलॉजीतूनच.

पायरी १: इम्युनॉलॉजी चार पानांत, पुस्तक न बघता

पुस्तक मिटा. चार कोरी पाने घ्या आणि जेवढे आठवते तेवढे लिहा. मग पुस्तक उघडून लाल पेनाने राहिलेले भरा. दुसऱ्या दिवशी नवी चार पाने. लाल शाई कमी होत जाईल.

पहिले पान पेशींचे. न्यूट्रोफिल, मॅक्रोफेज, एनके (नॅचरल किलर) पेशी, बी पेशी, टी पेशी आणि प्रत्येकीसमोर तिचे मुख्य शत्रू. एमएचसी (पेशीच्या पृष्ठभागावर प्रथिनांचे तुकडे दाखवणारे रेणू) वर्ग १ चे नाते सीडी८ टी पेशीशी आणि वर्ग २ चे सीडी४ टी पेशीशी. एक गुणिले आठ आणि दोन गुणिले चार, दोन्ही आठच, एवढे लक्षात ठेवले की गोंधळ होत नाही. पेशीच्या आत तयार झालेली प्रथिने वर्ग १ वर दिसतात, म्हणून विषाणूबाधित पेशी सीडी८ मारते. बाहेरून गिळलेली प्रथिने वर्ग २ वर दिसतात. सायटोकाइनची लांबलचक यादी करू नका. आयएल (इंटरल्युकिन)-१ ताप, आयएल-२ टी पेशींची वाढ, आयएल-४ आयजीई, आयएल-५ इओसिनोफिल, आयएल-६ अक्यूट फेज प्रथिने, आयएल-८ न्यूट्रोफिलला बोलावणे, आयएल-१० आवर घालणे, आयएल-१२ टीएच१ (पेशीजन्य प्रतिकार वाढवणाऱ्या मदतनीस टी पेशी) कडे वळवणे, इंटरफेरॉन-गॅमा मॅक्रोफेजला जागे करणे. पदवी परीक्षेला एवढे पुष्कळ होते.

दुसरे पान अँटीबॉडींचे. आयजीएम सर्वांत मोठी, पाच एकक जोडलेली, संसर्गात सर्वांत आधी येते आणि नाळेतून जात नाही. आयजीजी नाळेतून जाते. या दोन वाक्यांवर केवढे प्रश्न उभे आहेत पाहा. नवजात बाळाच्या रक्तात रुबेलाची आयजीएम सापडली तर ती बाळानेच तयार केली, म्हणजे संसर्ग गर्भात झाला. उलट एचआयव्हीबाधित आईच्या बाळात १८ महिन्यांपर्यंत आईची आयजीजी सापडू शकते, म्हणून तिथे अँटीबॉडी चाचणीवर निदान करत नाहीत, पीसीआर करतात. गोवराची लस नऊ महिन्यांनी, कारण तोवर आईची अँटीबॉडी लशीतल्या विषाणूला निष्प्रभ करते.

तिसरे पान कॉम्प्लिमेंटचे. क्लासिकल, लेक्टिन आणि अल्टर्नेटिव्ह हे तिन्ही मार्ग सी३ पाशी येऊन मिळतात. तिथून पुढे तीन कामे: सी३बी जंतूला चिकटून गिळणे सोपे करतो, सी३ए आणि सी५ए दाह वाढवतात, सी५बी ते सी९ मिळून पेशीच्या आवरणाला छिद्र पाडतात. आकृती एकदा मोठी काढून भिंतीवर लावा.

चौथे पान हायपरसेन्सिटिव्हिटीचे, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या अतिरेकी प्रतिक्रियेचे. जेल आणि कूम्ब्स यांचे चार प्रकार सगळ्यांना येतात, पण उदाहरणे ॲलर्जी आणि दम्यापाशी थांबतात. तुम्ही संसर्गातलीच उदाहरणे लिहा. हायडॅटिड सिस्ट (फीतकृमीची गाठ) फुटल्यावरचा ॲनाफिलॅक्सिस हा पहिला प्रकार. स्ट्रेप्टोकॉकसच्या एम प्रथिनाविरुद्धची अँटीबॉडी हृदयाला लागते तो संधिवाताचा ताप (रुमॅटिक फीवर) दुसरा. स्ट्रेप्टोकॉकसनंतरचा ग्लोमेरुलोनेफ्रायटिस (मूत्रपिंडाचा दाह) तिसरा. क्षयरोगाची मांटू त्वचाचाचणी हा चौथा, म्हणून तो ४८ ते ७२ तासांनी वाचतात. इथेच एक आवडता व्हायवा (तोंडी परीक्षेचा) प्रश्न जोडून घ्या: संधिवाताचा ताप घशाच्या संसर्गानंतर येतो, मूत्रपिंडाचा त्रास घसा किंवा त्वचा दोन्हींनंतर येऊ शकतो. त्वचेच्या संसर्गात एएसओ (स्ट्रेप्टोकॉकसविरुद्धची एक अँटीबॉडी) फारसा वाढत नाही, म्हणून अँटी-डीएनेझ बी ही दुसरी अँटीबॉडी बघतात.

पायरी २: कोणती फळी मोडली आहे ते विचारा

माझ्या मते सगळ्या रिव्हिजनचा कणा हाच आहे, म्हणून इथे वेळ घाला. एका पानावर डावीकडे संरक्षणाच्या फळ्या लिहा आणि उजवीकडे ती मोडल्यावर आत शिरणारे जंतू.

अँटीबॉडी नसेल तर कॅप्सूलवाले (बाहेर जाड आवरण असलेले) बॅक्टेरिया: न्यूमोकॉकस, हिमोफिलस इन्फ्लुएन्झी, शिवाय जिआर्डिया आणि एन्टेरोव्हायरस. ब्रुटन आजाराचा (जन्मतः बी पेशी नसलेला) मुलगा सहा महिन्यांपर्यंत ठीक असतो आणि मग वारंवार कान-सायनस-फुप्फुसांचे संसर्ग सुरू होतात. सहा महिनेच का, हे तुम्ही दुसऱ्या पानावर लिहिलेलेच आहे: तोवर आईची आयजीजी पुरते. प्लीहा काढलेल्या रुग्णातही हेच कॅप्सूलवाले जंतू भेटतात, कारण अँटीबॉडी चिकटलेले जंतू रक्तातून गाळून काढणारा मुख्य अवयवच गेला. म्हणून शस्त्रक्रिया ठरलेली असेल तर न्यूमोकॉकस, मेनिन्गोकॉकस आणि हिब (हिमोफिलस इन्फ्लुएन्झी बी) यांच्या लशी आधी देतात.

न्यूट्रोफिल कमी झाले, केमोथेरपीत होतात तसे, तर स्युडोमोनास, स्टॅफिलोकॉकस, कँडिडा, ॲस्परजिलस. न्यूट्रोफिल आहेत पण आतली एनएडीपीएच ऑक्सिडेझ यंत्रणा चालत नाही, तर तो क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस आजार. त्यात कॅटालेझ-पॉझिटिव्ह जंतू येतात: स्टॅफिलोकॉकस ऑरियस, सेराशिया, बर्कहोल्डेरिया, नोकार्डिया, ॲस्परजिलस. निदानाला डीएचआर फ्लो सायटोमेट्री, पूर्वी एनबीटी; दोन्ही या ऑक्सिडेझचे काम तपासणाऱ्या चाचण्या.

कॉम्प्लिमेंटचा शेवटचा भाग, सी५ ते सी९, नसेल तर नायसेरियाचे वारंवार संसर्ग. एक्युलिझुमॅब हे औषध सी५ अडवते, म्हणून ते सुरू करण्याआधी मेनिन्गोकॉकसची लस देतात. फार्माकॉलॉजीचा हा प्रश्न खरे तर मायक्रोचाच आहे.

टी पेशी कमी झाल्या की पेशीच्या आत लपणारे सगळे बाहेर येतात. एचआयव्हीमध्ये सीडी४ चे आकडे उतरत्या क्रमाने लिहा: २०० च्या खाली न्यूमोसिस्टिस, १०० च्या खाली टॉक्सोप्लाझ्मा आणि क्रिप्टोकॉकस, ५० च्या खाली सीएमव्ही (सायटोमेगॅलोव्हायरस) आणि मायकोबॅक्टेरियम एव्हियम कॉम्प्लेक्स. क्षयरोग मात्र कोणत्याही आकड्याला होतो आणि आपल्याकडे तो आधी डोक्यात यायला हवा. आयएल-१२ व इंटरफेरॉन-गॅमा ही साखळी जन्मतःच तुटलेली असेल तर बीसीजी लशीतला जंतूच अंगभर पसरू शकतो. संधिवातासाठी टीएनएफ-विरोधी औषध सुरू केले आणि जुना क्षयरोग उफाळला, कारण ग्रॅन्युलोमा (जंतूंना कोंडून ठेवणारी पेशींची गाठ) टिकवून ठेवायला टीएनएफ हे सायटोकाइन लागते. औषध सुरू करण्याआधी सुप्त क्षयरोगाची तपासणी का, ते इथे कळते.

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रातल्या वॉर्डांनी म्यूकरमायकोसिस पाहिला. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइड यांमुळे न्यूट्रोफिल-मॅक्रोफेज दुबळे पडतात, किटोॲसिडोसिसमध्ये मोकळे लोह वाढते आणि ऱ्हायझोपस या बुरशीला तेच हवे असते. केओएच माउंटवर रुंद, पडदे नसलेले, काटकोनात फुटणारे हायफी (बुरशीचे तंतू) दिसतात. ॲस्परजिलसचे अरुंद, पडदे असलेले, साधारण ४५ अंशांत फुटणारे. ही जोडी स्पॉटिंगला (नमुना पाहून ओळखण्याच्या परीक्षेला) नेहमी येते.

हे पान तोंडपाठ झाले की 'वारंवार संसर्ग होणारे बाळ' अशा कुठल्याही प्रश्नाला तुमचा पहिला विचार 'कोणते जंतू?' हा येईल आणि त्यावरून मोडलेली फळी तुम्ही उलट दिशेने शोधाल.

पायरी ३: प्रत्येक जंतूला तेच पाच प्रश्न

कुठे राहतो आणि कसा शिरतो? शरीरात काय करतो, विषाने की स्वतः वाढून की आपल्याच प्रतिकारशक्तीला भडकवून? रुग्ण कसा दिसतो? निदान कसे करायचे? उपचार आणि प्रतिबंध काय? याहून मोठा साचा करू नका, तो भरला जात नाही.

दुसऱ्या प्रश्नावर सर्वाधिक रेंगाळा. त्याचा सगळ्यात सुंदर नमुना म्हणजे कुष्ठरोग. आर्मॉअर हॅन्सनने १८७३ मध्ये पाहिलेला हा जंतू आजही कृत्रिम माध्यमावर वाढवता येत नाही. जंतू तोच, पण रुग्णाची प्रतिक्रिया ठरवते की आजार कोणत्या टोकाला जाईल. टीएच१ प्रतिक्रिया जोरात असेल तर ट्युबरक्युलॉइड: चट्टे थोडे, जंतू जवळपास नाहीत, लेप्रोमिन त्वचाचाचणी पॉझिटिव्ह, नसांची हानी लवकर. पेशीजन्य प्रतिकारशक्ती गप्प राहिली तर लेप्रोमेटस: गाठी, स्मिअरमध्ये जंतूंचे पुंजके, लेप्रोमिन निगेटिव्ह, अँटीबॉडी भरपूर पण उपयोगाच्या नाहीत. यावर या दोन टोकांमधले प्रकार मांडणारा रिडले-जॉपलिंगचा पट्टा बसवा. लेप्रा रिॲक्शन टाइप १ ही बॉर्डरलाइन रुग्णांत, ती चौथ्या प्रकारची हायपरसेन्सिटिव्हिटी. टाइप २ म्हणजे ईएनएल (एरिथेमा नोडोसम लेप्रोसम), इम्युन कॉम्प्लेक्समुळे, ती तिसऱ्या प्रकारची. रिॲक्शनचा क्रमांक आणि हायपरसेन्सिटिव्हिटीचा क्रमांक वेगळे आहेत, आणि गुण नेमके इथेच जातात.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात गिलन-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकाएकी वाढले आणि तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनीचे नाव पुढे आले. जुलाबाचा जंतू पाय कसे लुळे पाडतो? त्याच्या आवरणातील साखळ्या आपल्या नसांवरील गँग्लिओसाइडसारख्या दिसतात, त्यामुळे जंतूविरुद्धची अँटीबॉडी नसांना लागते. मॉलिक्युलर मिमिक्रीचे उदाहरण लिहायचे असेल तर संधिवाताच्या तापाबरोबर हे लिहा. परीक्षकाला समजते की तुम्ही आजूबाजूला बघता.

पायरी ४: तापाचा कितवा दिवस?

प्रयोगशाळेतील निदान विद्यार्थी याद्यांनी पाठ करतात: कल्चर (जंतू वाढवून बघणे), सीरॉलॉजी (रक्तातली अँटीबॉडी तपासणे), पीसीआर. हा प्रश्न काळाचा आहे. आधी जंतू किंवा त्याचे अँटिजेन रक्तात असते, मग अँटीबॉडी येते, मग जंतू दुसऱ्या वाटेने बाहेर पडतो. एक आडवी रेघ मारा, तिच्यावर दिवस लिहा आणि प्रत्येक आजार त्याच रेघेवर बसवा.

टायफॉइड: पहिल्या आठवड्यात रक्ताचे कल्चर, दुसऱ्यात अँटीबॉडी म्हणजे विडाल, तिसऱ्यात शौच, चौथ्यात लघवी. अँटिबायोटिक सुरू झालेल्या रुग्णात बोन मॅरो कल्चर सर्वांत भरवशाचे. एकाच विडालवर निदान का करू नये, हेही लिहा: आपल्याकडे आधीच्या संसर्गामुळे किंवा लशीमुळे पार्श्वभूमीचे टायटर (अँटीबॉडीचे प्रमाण) असतेच, त्यामुळे चारपट वाढ दाखवावी लागते.

डेंग्यू: पहिले पाच दिवस एनएस१ अँटिजेन, पाचव्या दिवसानंतर आयजीएम एलायझा. यासाठीची मॅक एलायझा किट पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, म्हणजे एनआयव्ही, तयार करते. दुसऱ्यांदा डेंग्यू झाला की आयजीजी झपाट्याने वाढते आणि आयजीएम कमी राहू शकते. वेगळ्या सीरोटाइपविरुद्धची (विषाणूच्या उपप्रकाराविरुद्धची) जुनी अँटीबॉडी विषाणूला निष्प्रभ न करता उलट त्याला मोनोसाइटमध्ये शिरायला मदत करते; म्हणून दुसरा डेंग्यू जास्त गंभीर होऊ शकतो.

लेप्टोस्पायरा: पहिल्या आठवड्यात रक्त, पुढे लघवी, अँटीबॉडीसाठी आयजीएम एलायझा, आणि प्रमाण मानली जाणारी चाचणी मॅट (मायक्रोस्कोपिक ॲग्लुटिनेशन टेस्ट). वरच्या शेतकऱ्याचा सहावा दिवस आहे, तर रक्त कल्चरला आणि सीरॉलॉजीला दोन्हीकडे पाठवा, असे उत्तरात कारणासह लिहा.

हिपॅटायटिस बी साठी वेगळी रेघ आखा. एचबीएसएजी (विषाणूच्या पृष्ठभागाचे अँटिजेन) सर्वांत आधी दिसते. ती नाहीशी झाली आणि अँटी-एचबीएस (तिच्याविरुद्धची अँटीबॉडी) अजून दिसत नाही, त्या मधल्या काळात फक्त अँटी-एचबीसी (विषाणूच्या कोअर म्हणजे गाभ्याविरुद्धची) आयजीएम सापडते. लस घेतलेल्या माणसात फक्त अँटी-एचबीएस, कारण लशीत कोअर नसतोच. या तीन वाक्यांतून तक्त्याचा कुठलाही एमसीक्यू (बहुपर्यायी प्रश्न) सुटतो.

पायरी ५: सारखे दिसणारे आजार शेजारी ठेवा

पावसाळ्यातला ताप हा महाराष्ट्राच्या परीक्षेतला आणि ओपीडीतला रोजचा प्रश्न. मलेरिया, डेंग्यू, लेप्टो, स्क्रब टायफस आणि टायफॉइड एका पानावर घ्या. थंडी वाजून ताप आणि प्लीहा वाढलेली असेल तर मलेरिया आणि आधी रक्ताचा स्मिअर. फॅल्सिपेरमचे गॅमेटोसाइट (परजीवीचे लैंगिक रूप) केळ्याच्या आकाराचे, व्हायव्हॅक्समध्ये लाल पेशी मोठी आणि शुफनरचे ठिपके. डोळ्यांमागे दुखणे, पुरळ आणि प्लेटलेट कमी, तर डेंग्यू. पोटऱ्या दुखणे, लाल डोळे, कावीळ आणि मूत्रपिंडावर ताण, तर लेप्टो. २६ जुलै २००५ च्या मुंबईच्या पुरानंतर त्याची साथ आली होती. काळी खपली, म्हणजे एस्कार, आणि लसिकाग्रंथी सुजलेल्या, तर स्क्रब टायफस. वेल-फेलिक्स या रक्तचाचणीत फक्त ओएक्स-के पॉझिटिव्ह. खपली काखेत, जांघेत, कमरपट्ट्याखाली लपते, त्यामुळे कपडे बाजूला करून बघावी लागते. लेप्टो आणि स्क्रब दोन्हींना डॉक्सिसायक्लिन चालते, पेनिसिलिन मात्र स्क्रबला निरुपयोगी.

याच पानाच्या समासात जिल्हे लिहा. मलेरियासाठी गडचिरोली. माकडतापासाठी सिंधुदुर्ग आणि गोव्याचा सत्तरी तालुका: १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात सापडलेला फ्लॅव्हिव्हायरस, हिमाफिसॅलिस गोचीड, आधी माकडे मरतात. झिकासाठी पुरंदर तालुक्यातले बेलसर, जिथे २०२१ मध्ये राज्यातला पहिला रुग्ण सापडला. भूगोल जोडला की वाहक आणि ऋतू आपोआप आठवतात.

पायरी ६: लस आणि सीरम

रेबीजवर पूर्ण प्रश्न येतो आणि तो इम्युनॉलॉजीने लिहिला तर उत्तर उठून दिसते. तिसऱ्या श्रेणीच्या, म्हणजे कातडी भेदणाऱ्या, जखमेला आधी साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुणे. मग लस: स्नायूत ०, ३, ७, १४, २८ व्या दिवशी, किंवा त्वचेत दोन जागी ०.१ मिलि ०, ३, ७, २८ व्या दिवशी. लशीमुळे अँटीबॉडी तयार व्हायला आठवडाभर लागतो. तेवढ्यात विषाणू नसेत शिरू नये म्हणून तयार अँटीबॉडी, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन, जखमेत आणि भोवती टोचतात: मानवी २० आययू प्रतिकिलो, घोड्याचे ४० आययू प्रतिकिलो. लशीच्या पहिल्या डोसनंतर सात दिवस उलटले की ते देत नाहीत, कारण आता स्वतःची अँटीबॉडी येऊ लागलेली असते. पूर्वी पूर्ण लसीकरण झालेल्याला सीरम नको, ० आणि ३ व्या दिवशी लस पुरते; स्मृतिपेशी तयार आहेत.

बाकी लशींसाठी एवढे प्रश्न विचारा: जिवंत की मृत, टी पेशींची मदत घेते की नाही, आयजीए की आयजीजी? नुसत्या पॉलिसॅकराइडला दोन वर्षांखालचे मूल नीट प्रतिसाद देत नाही. प्रथिनाला जोडले की टी पेशी मदतीला येतात, म्हणून हिब आणि पीसीव्ही (न्यूमोकॉकसची लस) कॉन्ज्युगेट म्हणजे अशा जोडलेल्या आहेत. तोंडावाटे पोलिओ लस आतड्यात आयजीए तयार करते, इंजेक्शनची मुख्यतः रक्तात आयजीजी. भारताला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र २७ मार्च २०१४ ला मिळाले, शेवटचा वन्य विषाणूचा रुग्ण जानेवारी २०११ चा. मृत लशीचे उदाहरण देताना हाफकिनची प्लेगची लस आठवा: जानेवारी १८९७ मध्ये त्यांनी मुंबईत ती आधी स्वतःला टोचून घेतली होती.

उपचारांबाबत एकच सूचना. क्षयरोग, एचआयव्ही, मलेरिया यांच्या राष्ट्रीय कार्यक्रमांच्या पद्धती बदलत असतात. आरएनटीसीपी या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाचे नाव २०२० मध्ये एनटीईपी झाले, औषधे रोज घ्यायची झाली, निदानात सीबीनॅट या जनुकीय चाचणीबरोबर गोव्यात विकसित झालेली ट्रूनॅट आली, औषधरोधी क्षयरोगासाठी सहा महिन्यांची, चार औषधांची बीपाल्म पद्धत आली. सीनियरच्या जुन्या नोट्समधून डोस उतरवू नका. चालू मार्गदर्शक सूचना एकदा उघडून तारीख बघा.

पायरी ७: प्रॅक्टिकल

हात बसायला हवेत, वाचून ते जमत नाही. ग्राम स्टेनमध्ये क्रिस्टल व्हायोलेट, आयोडीन, रंग उतरवणे, काउंटरस्टेन. बहुतेक चुका रंग उतरवताना होतात, स्मिअर जाड असेल तर सगळेच जांभळे राहते. झेडएन (झील-नील्सन) स्टेनमध्ये क्षयरोगासाठी २५ टक्के सल्फ्युरिक ॲसिड, कुष्ठरोगासाठी ५ टक्के. का, ते परीक्षक विचारतातच: कुष्ठरोगाचा जंतू तुलनेने कमी ॲसिड-फास्ट असतो.

थुंकीच्या स्मिअरची प्रतवारी पाठ हवी. १०० फील्डमध्ये १ ते ९ जंतू असतील तर नेमका आकडा लिहून 'स्कॅन्टी', १० ते ९९ असतील तर १+, प्रत्येक फील्डमध्ये १ ते १० असतील तर २+, त्याहून जास्त असतील तर ३+.

आणि दिसते तेच लिहा. ग्राम-पॉझिटिव्ह कॉकाय, पुंजक्यांत, पू-पेशींसह. स्लाइडवर 'स्टॅफिलोकॉकस ऑरियस' दिसत नाही. ते कल्चर आणि कोॲग्युलेझ चाचणीनंतर कळते. व्हायवाला हे एक वाक्य नीट म्हणणारा विद्यार्थी लगेच वेगळा उठून दिसतो.

पायरी ८: शेवटचे सहा आठवडे

एबिंगहाउसने १८८५ मध्येच दाखवले की शिकलेले सुरुवातीला फार वेगाने विसरते. रोडिगर आणि कार्पिके यांच्या २००६ च्या प्रयोगात, उतारा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा स्वतःची परीक्षा घेणाऱ्यांना आठवड्याने जास्त आठवत होते. मजेची गोष्ट म्हणजे पाच मिनिटांनी विचारले तेव्हा पुन्हा वाचणारेच पुढे होते. वाचताना वाटणारी खात्री फसवी असते, ती अशी.

त्यामुळे पहिल्या आठवड्यात फक्त इम्युनॉलॉजीची चार पाने आणि फळ्यांचे पान. पुढचे तीन आठवडे उरलेले सात विभाग. प्रत्येक विभाग संपला की दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी आणि दहाव्या दिवशी त्यावर कोऱ्या कागदाची परीक्षा. अंकी हे फ्लॅशकार्डांचे ॲप वापरत असाल तर तयार कार्डांचा डेक उतरवून घेण्यापेक्षा स्वतःची कार्डे करा, आणि एका कार्डावर एकच 'का?' ठेवा. पाचव्या आठवड्यात विद्यापीठाच्या जुन्या प्रश्नपत्रिका, घड्याळ लावून, हाताने लिहून. शेवटच्या आठवड्यात नवीन काहीही उघडायचे नाही. चुकांची वही, काळाच्या रेघा आणि आकृत्या.

चुकांच्या वहीत नुसते बरोबर उत्तर उतरवू नका. चूक कुठल्या प्रकारची ते लिहा: माहितीच नव्हती, माहिती होती पण दोन जंतूंची अदलाबदल झाली, की प्रश्नातला 'वगळता' शब्द वाचला नाही. पहिल्या प्रकाराला पुस्तक लागते, दुसऱ्याला पाचव्या पायरीसारखे शेजारी-शेजारी पान, तिसऱ्याला फक्त सावकाश वाचण्याची सवय. महिन्याभरात तुमचा नेहमीचा प्रकार कोणता ते तुम्हालाच दिसेल आणि शेवटच्या आठवड्याचे तास त्यावर लावता येतील.

लेखी पेपरात रोगनिर्मिती परिच्छेदात लिहू नका, बाणांच्या प्रवाहचित्रात लिहा, आणि प्रत्येक बाणाजवळ त्या टप्प्याला कोणती तपासणी उपयोगी ते छोट्या अक्षरात टाका. लेप्टोच्या उत्तरात 'रक्तात जंतू' या बाणाशेजारी 'रक्ताचे कल्चर, पहिला आठवडा' आणि 'मूत्रपिंडात वस्ती' याशेजारी 'लघवी, दुसऱ्या आठवड्यापासून'. रोगनिर्मिती आणि निदान हे दोन्ही उपप्रश्न एकाच आकृतीत बसतात आणि वेळही वाचतो.